डीबी१ की डीबी२: गिटलॅबच्या त्या रात्रीचं प्रकरण

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. म्हणजे यूटीसीप्रमाणे (जगभर धरतात ती प्रमाणवेळ) रात्र, आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट झाली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच बजेट फेब्रुवारीच्या एक तारखेला होतं, त्यामुळे सकाळी सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि ज्यांचा कोड गिटलॅब डॉट कॉमवर (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट) होता ते मात्र साइट का उघडत नाही म्हणून आधी आपलंच वायफाय बंद-चालू करून बघत बसले असणार.

मी प्रॉडक्शन (म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टीम) सपोर्टमध्ये आहे, डेटाबेस सांभाळते, आणि आमच्याकडे नवीन कोणी जॉइन झालं की केटीमध्ये (नव्यांना काम समजावतात त्या सत्रात) मी हे प्रकरण सांगतेच. इमर्जन्सी चेंज (चालू सिस्टीममध्ये घाईने करावा लागणारा बदल) कसा करायचा याच्या पीपीटी भरपूर आहेत, कोणाचं अप्रूव्हल घ्यायचं, कुठला फॉर्म भरायचा, सीआर (बदलाची लेखी विनंती) नंतर टाकला तर चालतो का, सगळं त्यात असतं. पण पी१ (सगळ्यात गंभीर बिघाड) चालू असताना, ब्रिजवर (सगळे जमतात त्या कॉलवर) वीस माणसं बोलत असताना, तुमची बोटं कीबोर्डवर नेमकं काय करतात ते त्या पीपीटीत नसतं. गिटलॅबने ते सगळं जगापुढे ठेवलं, मिनिटामिनिटाच्या नोंदींसकट, म्हणून हे प्रकरण शिकायला इतकं चांगलं.

तर सेटअप असा. पोस्टग्रेस ९.६ हा डेटाबेस, दोनच सर्व्हर. डीबी१ हा प्रायमरी, सगळं काम त्याच्यावर. डीबी२ सेकंडरी, फक्त फेलओव्हरसाठी ठेवलेला, म्हणजे डीबी१ पडला तर हा उभा राहणार, एरवी युजरचं एकही काम त्याच्यावर चालत नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी (सगळ्या वेळा यूटीसी धरा, आपल्याकडे साडेपाच तास पुढे) एका इंजिनिअरने डीबी१ चा एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेतला. इन्सिडेंटशी काही संबंध नाही. त्याला पीजीपूल हे टूल वापरून लोड अनेक सर्व्हरांत वाटता येतो का ते स्टेजिंगवर (प्रॉडक्शनसारख्या चाचणीच्या सेटअपवर) टेस्ट करायचं होतं आणि त्यासाठी ताजा डेटा हवा होता. असा स्नॅपशॉट दर चोवीस तासांनी आपोआप व्हायचाच, पण याला आत्ताचा पाहिजे म्हणून त्याने हाताने घेतला. झालं, एवढंच.

सातच्या आसपास डेटाबेसवर लोड वाढायला लागला. संशय स्पॅमचा. मग टीमने जे कोणीही करेल तेच केलं: स्पॅमरचे आयपी ब्लॉक केले, स्पॅम टाकणारे युजर काढले, आणि एक महाभाग तर आपली रेपॉझिटरी (कोडचा साठा) सीडीएनसारखी (जगभर फायली वाटायच्या सेवेसारखी) वापरत होता, एकाच अकाउंटने ४७,००० आयपींवरून लॉगिन चालू होतं, त्यालाही काढला. नऊ वाजता लोड आणखी भडकला, राइट्स (डेटाबेसमध्ये लिहिणं) अडकायला लागले. इथपर्यंत जे जे चेंज झाले ते सगळे मला मान्य आहेत. चुकून एखादा चांगला आयपी ब्लॉक झाला तर उठवता येतो, लोक शिव्या घालतील पण सकाळपर्यंत विसरतील.

दहा वाजता प्रकरणाने वळण घेतलं. रेप्लिकेशनचा, म्हणजे डीबी१ वरचा डेटा डीबी२ वर उतरवत राहण्याच्या कामाचा, अलर्ट आला, डीबी२ जवळपास ४ जीबी मागे पडला होता. ज्यांना पोस्टग्रेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या जुन्या दुकानांत किर्द आणि खतावणी असते ना, तसंच आहे हे. प्रायमरीवर जे काही होतं ते आधी किर्दीत लिहिलं जातं, त्या किर्दीच्या पानांना वॉल सेगमेंट म्हणतात, आणि सेकंडरी ती पानं एकेक करून वाचत आपली खतावणी जुळवत राहतो. आता प्रायमरी जुनी पानं काही वेळाने फाडून टाकतो, नाहीतर डिस्क भरेल. त्या रात्री लोड एवढा होता की डीबी२ चं वाचून व्हायच्या आधीच डीबी१ ने पानं फाडली. ती कुठे आर्काइव्ह करून ठेवायची सोय केलेली असती तर तिथून आणता आली असती, पण ती नव्हती. म्हणजे डीबी२ कायमचा मागे राहिला, आता त्याचा डेटा पुसून डीबी१ वरून सगळी कॉपी नव्याने आणणं हाच एक मार्ग.

आता इथे जरा थांबा, कारण माझ्या मते चूक इथे झाली, पुढे जे झालं ते तिचंच पिल्लू. साइट मंद होती ती लोडमुळे. डीबी२ मागे पडल्याने कुठल्याही युजरचं काहीही अडलं नव्हतं. हां, फेलओव्हर गेला होता, डीबी१ त्याच क्षणी पडला असता तर पंचाईत होती, त्यामुळे काम महत्त्वाचं होतं हे कबूल. पण महत्त्वाचं आणि आत्ताच्या आत्ता करायचं यात फरक असतो की नाही, आणि इन्सिडेंट चालू असला की तो फरक पार पुसला जातो, ब्रिजवर जे जे लाल दिसतं ते सगळं पी१ वाटायला लागतं. आणि ज्याच्या हातात हे काम होतं तो इंजिनिअर खरं तर लॉगऑफ करायच्या बेतात होता, त्याच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले होते, रेप्लिकेशनचं हे मध्येच उपटलं म्हणून थांबला. थांबणारा माणूस नेहमी चांगलाच माणूस असतो आणि नेहमी तोच दमलेला असतो.

बरं, डीबी२ चा डेटा पुसला. मुद्दाम, ठरवून, बरोबर सर्व्हरवर. आणि त्याच क्षणी डीबी१ ही कंपनीकडे असलेली चालू डेटाची एकमेव कॉपी झाली. हे त्या वेळी कोणी मोठ्याने म्हटल्याचं निदान त्या नोंदींत तरी नाही. मी नव्यांना सांगते की ब्रिजवर एक वाक्य बोलायचंच: "आता आपल्याकडे एकच कॉपी आहे." बोललं की आपोआप हात जरा सावकाश चालतात. आणि शक्य असेल तर तिथेच पाच मिनिटं थांबून त्या एकुलत्या एका कॉपीचा स्नॅपशॉट घ्यायचा. हे आज खुर्चीत बसून बोलायला मला काय जातंय म्हणा.

पुढे पीजी-बेसबॅकअप चालवलं, जे प्रायमरीवरून कॉपी आणतं. ते म्हणालं मॅक्स-वॉल-सेंडर्स (प्रायमरीवरून एका वेळी किती जण किर्द ओढू शकतात तो आकडा) कमी आहे. ३ होतं, ते ३२ केलं. डीबी१ वर. म्हणजे बघा, दुरुस्ती डीबी२ ची आणि बदल एकुलत्या एका प्रायमरीच्या कॉन्फिगमध्ये. त्यासाठी पोस्टग्रेस रिस्टार्ट केला तर तो उठेना, सेमाफोर (ऑपरेटिंग सिस्टीम मोजूनच देते असं एक साधन) जास्त होतायत म्हणे, कारण मॅक्स-कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन) ८००० ठेवलेले. गंमत म्हणजे हे ८००० जवळपास वर्षभर तसेच चालू होते, कधी कुरकुर नाही. मग ते २००० वर आणले, तेव्हा डेटाबेस उठला. आमच्याकडे दिवसाढवळ्या मॅक्स-कनेक्शन्स बदलायचे तर सीआर, टेस्टिंग, अप्रूव्हल, आठवडा जातो, आणि इथे रात्री दोन पॅरामीटर आणि प्रायमरीचा रिस्टार्ट एका दमात झाला. मी दोष देत नाहीये, माझ्या हातूनही असं झालंय, एकात एक अडकत जातं आणि प्रत्येक पायरी त्या वेळी अगदी बारीक वाटते, "फक्त हा एक पॅरामीटर, मग झालंच."

एवढं करूनही बेसबॅकअप नुसतं बसून. एरर नाही, आउटपुट नाही, काही नाही. एसट्रेस (प्रोग्रॅम आत काय करतोय ते दाखवणारं टूल) लावून बघितलं, त्यातूनही काही कळेना. नंतर दुसऱ्या एका इंजिनिअरने सांगितलं की हे नॉर्मल आहे, प्रायमरी डेटा पाठवायला लागेपर्यंत ते गप्पच बसतं, दहा मिनिटंसुद्धा जाऊ शकतात. पण हे त्यांच्या रनबुकमध्ये (कामाच्या पायऱ्या लिहून ठेवतात त्यात) नीट लिहिलेलं नव्हतं आणि ज्याला माहीत होतं तो त्या क्षणी शेजारी नव्हता. रनबुकमध्ये "ही कमांड दहा मिनिटं काही बोलत नाही, घाबरू नका" एवढी एक ओळ असती तर आज मी हे लिहीत बसले नसते, आणि म्हणून आमच्या रनबुकमध्ये मी कमांडच्या पुढे ती किती वेळ घेते आणि स्क्रीनवर काय दिसतं हे लिहायला लावते, लोक कंटाळतात, कंटाळू देत.

आता त्या इंजिनिअरच्या जागी बसून बघा. रात्र झालेली, चार-पाच तास हेच चालू, दोन टर्मिनल उघडे, एकात डीबी१ एकात डीबी२, नावात फरक एका आकड्याचा. कमांड गप्प का? त्याला वाटलं, मघाच्या फसलेल्या प्रयत्नांतून डेटा डिरेक्टरीत काहीतरी फायली उरल्या असतील, बेसबॅकअपला एकदम रिकामी डिरेक्टरी लागत असेल. विचार काही मूर्खपणाचा नाही. मग ती डिरेक्टरी उडवायची. आरएम डॅश आरएफ, न विचारता सगळं उडवणारी कमांड. एंटर.

एक-दोन सेकंदांनी त्याच्या लक्षात आलं की हा डीबी१ आहे.

११ वाजून २७ मिनिटांनी त्याने कमांड थांबवली. साधारण ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. आपल्याकडे पहाटेचे पाचला तीन मिनिटं कमी.

इथे माझा एक किस्सा सांगते. सुरुवातीच्या दिवसांत आमच्या टीममध्ये एक सीनियर डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काकांचा नियम असा की प्रॉडक्शनवर डिलीट, ड्रॉप, ट्रंकेट, रिस्टार्ट यातलं काहीही करायचं असेल तर एंटर मारण्याआधी तीन गोष्टी ब्रिजवर मोठ्याने वाचायच्या: होस्टनेम (सर्व्हरचं नाव), युजर, आणि पूर्ण कमांड. आणि दुसऱ्या माणसाने ते स्वतःच्या स्क्रीनवर बघून "हो" म्हणायचं. एका रात्री एका क्लायंटच्या सिस्टीमवर लॉग पार्टिशन भरलं, मी घाईत होते, म्हटलं, "काका, लॉगच आहेत हो, उडवते." काका शांतपणे म्हणाले, "होस्टनेम बोल आधी." मी वाचायला लागले आणि निम्म्यातच माझी मलाच जीभ अडकली, कारण मी डीआरच्या (आपत्तीसाठी राखून ठेवलेल्या) नाही, लाइव्हच्या बॉक्सवर होते. काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आता एमव्ही कर, आरएम नको." एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलायचं, डिरेक्टरी बाजूला सरकवायची, सेकंदाचं काम आणि परत आणता येतं. (त्याने त्या पार्टिशनवर जागा काही मोकळी झाली नसती, हे माझ्या नंतर लक्षात आलं, पण त्या क्षणी काकांना जागा नको होती, माझा हात थांबवायचा होता.) डीबी२ वर जागेचाच प्रश्न असता तर गोष्ट वेगळी, पण डिरेक्टरी रिकामी पाहिजे एवढंच असेल तर एमव्हीने भागतं. चालू पोस्टग्रेसखालून डिरेक्टरी सरकली तर तोही बोंबलतोच, पण ३०० जीबी जागच्या जागी राहतात.

परत गिटलॅबकडे. आता बॅकअप. पहिलं, रोजचा पीजी-डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) जो एसथ्रीवर (ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या साठ्यावर) जायला हवा होता. बकेट, म्हणजे तिथलं फोल्डर, उघडली, रिकामी. कारण बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरवर पोस्टग्रेसचं कुठलं व्हर्जन वापरायचं हे डेटा डिरेक्टरीतली एक फाइल बघून ठरायचं, ती फाइल त्या सर्व्हरवर नव्हतीच, म्हणून ९.२ चा पीजी-डंप चालायचा आणि डेटाबेस ९.६, तो एरर देऊन मरायचा. रोज. एररचा मेल जायचा का? जायचा की. पण त्या मेलवर डीमार्कसाठी (मेल खरा कोणाकडून आला ते तपासायची पद्धत) लागणारी सही नव्हती म्हणून समोरचा मेलसर्व्हर ते परत फिरवायचा. म्हणजे बॅकअप फेल, त्याचा निरोप देणाराही फेल, आणि मॉनिटरिंगमध्ये सगळं शांत. दुसरं, अ‍ॅझ्युरचे (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे) डिस्क स्नॅपशॉट, ते फाइल सर्व्हरना चालू होते, डेटाबेस सर्व्हरना नव्हते. तिसरं, रेप्लिकेशन, तर डीबी२ आपणच पुसला. त्यांनी स्वतःच लिहून टाकलं की पाच वेगवेगळ्या सोयी होत्या आणि त्यातली एकही धड चालत नव्हती. कुठली कंपनी हे असं लिहील सांगा मला.

उरला तो संध्याकाळी पीजीपूलच्या टेस्टसाठी घेतलेला स्नॅपशॉट. सहा तासांपूर्वीचा. तो घेतला नसता तर चोवीस तासांपर्यंतचा डेटा गेला असता.

रिस्टोर म्हणजे स्टेजिंगवरून डेटा परत प्रॉडक्शनवर कॉपी करणे, आणि स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या, संथ, वेग ६० एमबीपीएसच्या आसपास. अठरा तास लागले. बॅकअप आहे का हे सगळे विचारतात, तो परत आणायला किती तास लागतात हे क्वचित कोणी विचारतं. तोपर्यंत गिटलॅबने आपलं नोट्सचं गूगल डॉक सगळ्यांना उघडं केलं आणि यूट्यूबवर लाइव्ह चालू केलं, हजारो लोक कॉपी किती टक्के झाली ते बघत बसले, क्रिकेटच्या स्कोअरसारखं. १ फेब्रुवारीला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास साइट परत आली, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे पावणेबारा. भारतातल्या लोकांचा कामाचा अख्खा दिवस त्यातच गेला.

नुकसान: ५ वाजून २० मिनिटांपासून मध्यरात्रीपर्यंत जे काही डेटाबेसमध्ये लिहिलं गेलं ते सगळं. निदान ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट, ७०० च्या आसपास नवीन युजर. कोड मात्र गेला नाही, कारण गिट रेपॉझिटरी फाइल सर्व्हरवर वेगळ्या असतात. एक बारकावा मला फार आवडतो, सगळ्या आयडींचे सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारे काउंटर) त्यांनी एक लाखाने पुढे ढकलले, कारण त्या सहा तासांत कोणाला तरी एखादा नंबर मिळालेला असणार, तोच नंबर उद्या दुसऱ्याला मिळाला तर एकाचं दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं. एवढ्या थकव्यात हे सुचणं म्हणजे टीम कच्ची नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण केटीमध्ये पोरं हसतात, "काय हे, प्रायमरीच उडवला," म्हणून.

आता आमच्यासारख्या ठिकाणचा प्रश्न येतो, अप्रूव्हल असतं तर वाचलं असतं का? मला नाही वाटत. समजा ईकॅबला (इमर्जन्सी चेंजला मंजुरी देणाऱ्या समितीला) फोन लागला असता, कोणीतरी मॅनेजर झोपेतून उठला असता, त्याला सांगितलं असतं, "सेकंडरीची डेटा डिरेक्टरी पुसून परत सिंक करतोय." तो म्हणाला असता, "ओके, गो अहेड." आणि बरोबरच होतं ते! प्लॅन बरोबर होता, टर्मिनल चुकीचं होतं. अप्रूव्हल प्लॅनला मिळतं, हाताला मिळत नाही. म्हणून इमर्जन्सी चेंजमध्ये मी एक माणूस असा मागते ज्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं, किती वाजता कुठल्या होस्टवर काय बदललं. मॅनेजर लोक म्हणतात एवढी माणसं कुठून आणायची रात्री. ब्रिजवर वीस जण दर दहा मिनिटांनी "एनी अपडेट?" विचारायला असतात, त्यातला एक द्या मला.

आणि हे फक्त डिलीटपुरतं नाही, रोलबॅकलाही तेच लागू. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीत आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड पोचलाच नव्हता, तिथे जुना मेलेला कोड जागा झाला आणि भलत्याच ऑर्डरी सोडायला लागला. घाईत त्यांनी काय केलं, तर चांगल्या चाललेल्या सात सर्व्हरवरून नवीन कोड काढून घेतला. मग आठही सर्व्हर तेच करायला लागले. पाऊण तासाच्या त्या गोंधळात ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. रोलबॅक म्हटलं की सगळ्यांना सुरक्षित वाटतं, पण तोसुद्धा एक चेंजच आहे आणि तोही न तपासता केलेला.

गिटलॅबने नंतर जे ठरवलं त्यात बॅकअपवर नीट मॉनिटरिंग होतंच, पण एक अगदी साधी गोष्ट होती: टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये (कमांड लिहितो त्या ओळीच्या सुरुवातीला) पूर्ण होस्टनेम दिसलं पाहिजे आणि रंग वेगळे, प्रॉडक्शन लाल, स्टेजिंग पिवळा. आता जरा विचार करा, डीबी१ आणि डीबी२ दोन्ही प्रॉडक्शनच, दोन्ही लालच दिसणार. रंगाने त्या रात्री काही झालं नसतं, होस्टनेमने कदाचित. आम्ही आमच्याकडे प्रायमरी आणि सेकंडरीलाही वेगळे रंग दिलेत, आणि फेलओव्हर झाला की रंग बदलायची जबाबदारी स्क्रिप्टवर आहे, माणसावर नाही, कारण माणूस विसरतो आणि मग सेकंडरीच्या हिरव्या प्रॉम्प्टवर प्रायमरी म्हणजे आणखीच वाईट.

ज्याच्या हातून झालं त्याला त्यांनी काढलं नाही. आमच्याकडे आरसीएच्या (बिघाडाचं मूळ कारण शोधायच्या) मीटिंगमध्ये पहिला प्रश्न "कोणी केलं" हाच असतो, त्यामुळे पुढच्या वेळी तोंड उघडायला एक-दोन सेकंदांऐवजी अर्धा तास लागतो.

आणि तो लोड, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं? स्पॅम होता, पण नुसता स्पॅम नव्हता. नंतर कळलं की पाठीमागे एक बॅकग्राउंड जॉब चालू होता, एका युजरचं अकाउंट आणि त्याच्याशी जोडलेला सगळा डेटा डिलीट करणारा. तो युजर गिटलॅबचाच एक कर्मचारी होता. कोणीतरी टवाळाने त्याच्याबद्दल अब्यूजची तक्रार टाकली होती, आणि तक्रारी बघायच्या स्क्रीनवर समोरचा कोण आहे हे पटकन नजरेत भरत नव्हतं, त्यामुळे बघणाऱ्याने नीट न बघता डिलीटला लावून टाकला.